लीलो चेवड्याची पिशवी आणि शंभर बँड

सकाळी साडेनऊला इंग्लंडातल्या अपरमिलच्या थांब्यावर बसमधून उतरले तेव्हा पाऊस पडत होता. म्हणजे इथले लोक त्याला पाऊस म्हणतात. बडोद्याच्या माणसाला पाऊस कळतो तो पत्र्यावर ताशा वाजायला लागला की. इथला आवाजच करत नाही. हवेत नुसता उभा असतो, आणि दहा मिनिटांनी लक्षात येतं की मोजे ओले झालेत. ऑगस्ट २०२४ मध्ये ज्यांच्या दिवाणखान्यात विश्वामित्री नदी येऊन बसली, त्यांच्यासमोर याची तक्रार करायला मला लाज वाटते. पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने हाच पाऊस जास्त वाईट. धो-धो कोसळणारा निदान मधे थांबतो तरी.

कॅमेऱ्याचं पावसाळी कव्हर घरी टेबलावर राहिलं होतं. पाठीवरच्या बॅगेत आईने पाठवलेल्या लीलो चेवड्याची (बडोद्याचा ओलसर, गोड-तिखट बटाट्याचा चिवडा) पिशवी होती, अर्धी भरलेली. चेवडा तिथेच थांब्यावर उभं राहून संपवला. पिशवी उलटी करून पुसली, तळाला लेन्सपुरतं भोक पाडलं, आणि डोक्याचे दोन रबरबँड लावून ती कॅमेऱ्यावर चढवली. दिवसभर डोळा लावला की गोड-तिखट वास यायचा. दर दोन तासांनी मला भूक का लागत होती, ते संध्याकाळी कळलं.

आता तुम्ही विचाराल, की भर कामाच्या शुक्रवारी इस्पितळातून रजा काढून मी डोंगरात काय करत होते. (लोकांच्या हाडांचे फोटो काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. तिथे कोणी हसत नाही आणि कोणी हलत नाही. बँडचे फोटो काढायला मला का आवडतं, हे त्यावरून ओळखा.) मँचेस्टरच्या ईशान्येला, पेनाइन डोंगरांच्या कुशीत सॅडलवर्थ नावाचा गावांचा झुबका आहे: अपरमिल, डॉबक्रॉस, डेल्फ, डिगल, ग्रीनफील्ड, लिडगेट. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी पेंटेकॉस्टचा रविवार येतो, आणि त्यानंतरचा शुक्रवार म्हणजे व्हिट फ्रायडे. त्या दिवशी सकाळी इथल्या चर्चच्या मिरवणुका निघतात आणि दुपारनंतर पितळी बँडच्या स्पर्धा होतात. पूर्वी या आठवड्यात गिरण्या बंद असायच्या, गिरणी कामगारांना सुट्टी असायची. स्पर्धेची पहिली नोंद १८८४ सालची आहे.

सकाळच्या मिरवणुकीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रेशमी झेंडे वाऱ्याने फुगतात, पांढऱ्या झग्यातल्या मुली त्यांच्या दोऱ्या धरून चालतात, सगळे मिळून प्रार्थनागीतं म्हणतात. मला आपल्या पालखीची आठवण झाली, एवढं सांगून पुढे जाते. खरी गंमत दुपारी चारनंतर.

ही गंमत नीट समजावून सांगायला हवी, कारण मला स्वतःला ती कळायला दोन वर्षं लागली. ही एक स्पर्धा नाही. प्रत्येक गावाची स्वतःची स्पर्धा, स्वतःचा परीक्षक, स्वतःची बक्षिसं. बँड बसमध्ये बसून येतात, एका गावात उतरतात, नाव नोंदवतात, रांगेत उभे राहतात. पाळी आली की रस्त्यावरून वाजवत चालतात, मग ठरलेल्या जागी उभे राहून दुसरी एक धून वाजवतात, परत बसमध्ये चढतात आणि पुढचं गाव गाठतात. एका संध्याकाळीत जमतील तितकी गावं करायची. शंभराच्या आसपास बँड या अरुंद रस्त्यांवर एकाच वेळी फिरत असतात. कोणत्या गावातली रांग छोटी आहे याचा अंदाज बांधणारा बसचा ड्रायव्हर हा अर्धा बँडमास्तरच. आपल्याकडे लग्नसराईत एकच बँड रात्री तीन वराती करतो ना, आणि तिसऱ्या वरातीला नवरदेव घोड्यावर ताटकळलेला असतो, तसंच. फक्त इथे घोडा नाही आणि कोणी चिडत नाही.

आणि परीक्षक? तो दिसतच नाही. एखाद्या गावात त्याला कॅराव्हॅनमध्ये (गाडीला जोडून ओढायची चाकांवरची खोली) कोंडतात, कुठे घराच्या वरच्या मजल्यावर. पडदे ओढलेले. समोर नावाजलेला बँड आलाय की गावातल्या पोराटोरांचा, हे त्याला कळता कामा नये. तो फक्त ऐकतो आणि कागदावर लिहितो.

अपरमिलहून डॉबक्रॉस म्हणजे मैलभराची चढण. रस्ते बंद, त्यामुळे पायीच. वाटेत जुनी दगडी घरं लागतात. त्यांच्या वरच्या मजल्यावर खिडकीला लागून खिडकी, अशी रांगच असते. पूर्वी त्या मजल्यांवर हातमाग चालायचे आणि विणकरांना उजेड हवा असायचा. माझ्यासाठी त्या खिडक्या म्हणजे तयार पार्श्वभूमी. वर तीनही खिडक्यांतून माना बाहेर काढलेली माणसं, खाली ओला रस्ता, आणि त्या रस्त्यात उलटं पडलेलं पितळेचं प्रतिबिंब.

पावसात पितळ फार सुंदर दिसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कडक उन्हात ते आग ओकतं, फोटोत नुसते पांढरे डाग येतात. ढगाळ उजेडात मात्र ट्युबाच्या मोठ्या तोंडात अख्खा चौक मावतो: छत्र्या, पबची पाटी, आणि मधोमध कॅमेऱ्याला हिरवट पिशवी बांधलेली एक बाई. ट्रॉम्बोनवाले सगळ्यांत पुढे चालतात. त्यांच्या नळ्या पुढे-मागे सरकतात, पुढच्याच्या पाठीत बसू नयेत म्हणून ही व्यवस्था. कॉर्नेटवाल्यांच्या वाद्याला एक छोटा चिमटा असतो, त्यात धुनेचा कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात खोचलेला. त्या पाकिटावर पाणी साचलं की वादक मान तिरकी करून वाचतो. एक जाडजूड गृहस्थ दर दोन मिनिटांनी आपलं वाद्य उलटं करून त्यातलं पाणी ओतत होते, जणू पातेलंच. त्यातलं पावसाचं किती आणि फुंकीचं किती, हे मी विचारलं नाही. विद्यापीठातल्या पोरांचा एक बँड मधमाश्यांचे पोशाख घालून आला होता. भिजून त्यांचे पंख पाठीला चिकटले होते आणि तरी ती पोरं झकास वाजवत होती.

तंत्राची हौस असलेल्यांसाठी: शटर १/५०० सेकंदावर, आयएसओ कधी ३२०० तर कधी ६४००. जूनमध्ये इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे फ्लॅशची गरज नाही, आणि वादकाच्या डोळ्यावर फ्लॅश मारणाऱ्याला मी फोटोग्राफर मानत नाही. बाहेरच्या गारठ्यातून गरम पबमध्ये शिरलात की लेन्सवर वाफ धरते की नाही ते बघा, पुसत बसू नका. चालत्या बँडचा फोटो घेताना मोठ्या ढोलावर लक्ष ठेवायचं. ठोक्याला सगळ्यांचा एकच पाय पडतो. त्याच्या किंचित आधी बटण दाबलं की पंचवीस गुडघे एका रेषेत मिळतात.

पण यातच एक गोची आहे, आणि ती मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. मी दिवसभर ढोलाचा ठोका सोडून काहीही ऐकलं नव्हतं.

डेल्फमध्ये एका कट्ट्यावर जागा मिळाली. (आपण बडोद्याचे, म्हणजे ओटला मिळाला.) शेजारी ऐंशीच्या घरातले एक आजोबा फ्लास्कमधला चहा पीत बसले होते. झाकणातून मलाही दिला. इंग्रज माणूस फारसं बोलत नाही असं आपण म्हणतो, ते या डोंगरात खरं नाही. कुठली, काय करतेस, नवरा काय करतो, सगळं विचारून झालं. मी सहज म्हणाले, मँचेस्टरजवळ एवढं सुंदर खोरं असेल असं वाटलं नव्हतं. आजोबांचा चेहरा असा झाला की मी त्यांच्या चहात मीठच टाकलंय. हे यॉर्कशायर आहे, पोरी, म्हणाले. सरकारने १९७४ साली कागदावर रेघ ओढून आम्हाला ग्रेटर मँचेस्टरात ढकललं. आम्ही जागचे हललो नाही. मग त्यांनी कोटाच्या आत लावलेलं यॉर्कशायरचं पांढरं गुलाब दाखवलं.

अहो, हे कोणाला सांगता! मी त्यांना आमची कथा सांगितली. संस्थान १९४९ मध्ये मुंबई प्रांतात गेलं, १९६० मध्ये गुजरात वेगळं झालं, आणि दांडिया बाजारातले आम्ही तिथेच. पुण्याचे नातेवाईक आमच्या मराठीला हसतात. ‘उद्या यायला फावेल का’ म्हटलं की त्यांना वाटतं आपण गुजराती बोललो. शेजारच्या बेनना वाटतं आपण फार शुद्ध मराठी बोलतो. आजोबांनी पुढे विचारलं, मग तू नक्की कुठली? मी म्हटलं, बडोद्याची. त्यांना हे उत्तर एकदम पटलं.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. इथे सातला थोडा वेळ होता, म्हणजे तिकडे साडेअकराच्या आसपास. आई झोपली होती आणि ते गच्चीच्या जिन्यात बसले होते. बाबांना फोटो दाखवावेत म्हणून मी व्हिडिओ सुरू केला, पण खोऱ्यात नेटवर्क इतकं रडकं की चित्र सारखं गोठायचं. एकदा एका युफोनियमवाल्याचा फुगलेला गाल त्यांच्या पडद्यावर पूर्ण मिनिटभर तसाच राहिला.

‘अगं, ते चित्र बंद कर,’ बाबा म्हणाले. ‘ऐकू दे.’

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. सूरसागर तलावासमोरच्या संगीत महाविद्यालयाच्या कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं कारकुनी केली. १८८६ मध्ये सयाजीरावांनी गवई मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, तिचंच हे पुढचं रूप. त्याच मौलाबक्षांचे मुलीकडचे नातू इनायत खाँ १९१० मध्ये वीणा घेऊन अमेरिकेला निघाले आणि पुढची बरीच वर्षं युरोपात राहिले. परदेशात आलेला प्रत्येक बडोदेकर त्यांच्यामागून निघालेला असतो, असं बाबांचं म्हणणं. स्वतः बाबांना एकही वाद्य येत नाही. पण भिंतीपलीकडे रोज कोणीतरी रियाज करायचं आणि अलीकडे बाबा आवक-जावक रजिस्टर भरायचे. कोण वाजवतंय हे दिसत नसे. नवीन विद्यार्थी आला की बाबा आठवड्याभरात घरी सांगायचे, हा टिकणार, किंवा हा जूनपर्यंत घरी जाणार.

म्हणजे बाबांनी एकतीस वर्षं कॅराव्हॅनमध्येच काढली. हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं आणि मी ते त्यांना सांगितलंही. त्यांना कॅराव्हॅन म्हणजे काय ते समजावण्यात एक बँड निघून गेला.

पुढे मी फोन छातीच्या खिशात ठेवला आणि फोटो काढत राहिले. खिशातून बाबांची टिप्पणी चालू. ‘हे घाईत आहेत.’ ‘ढोलवाला चांगला आहे, पण त्याला स्वतःलाच ते माहिती आहे.’ मधेच, ‘तुझ्या कोटाचं कापड घासतंय, काही ऐकू येत नाही.’ मग मी कॅमेरा गळ्यात सोडला, फोन काढला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला. आजोबांनी न सांगता त्यावर आपली छत्री धरली. पलीकडचा बँड चौकात उभा राहिला आणि वाजवायला लागला. खिशातलं बोलणं आता डोक्यावर गेलं होतं, पण तिथून आवाजच येईना. मला वाटलं फोन कटला.

धून संपली. टाळ्या झाल्या. मग बाबा म्हणाले, ‘हा. हा पहिला.’

रात्री अकराला सगळ्या गावांचे निकाल लागले तेव्हा मी शेवटच्या बसमध्ये पाय वर घेऊन बसले होते. बाबांचा बँड कोणता होता, हे मला पक्कं ठाऊक नव्हतं, त्यामुळे निकालाशी ताडून बघणार तरी काय? सकाळी त्यांना तसं कळवलं. परीक्षकाला पडसं झालं असेल, असं त्यांचं उत्तर आलं.

मी त्या दिवशी एक हजार शंभरवर फोटो काढले. त्यातले चाळीस निवडून घरच्या ग्रुपवर टाकले. आईने पंख भिजलेल्या मधमाशीला हृदय दिलं. मावशीने विचारलं, तुझं जॅकेट तेच जुनं का गं? बाबांनी सगळे फोटो पाहिले आणि फक्त एवढंच लिहिलं: छान. यात तो कोणता?

मी शोधायला बसले. कॅमेरा रावपुऱ्यातल्या दुकानातून घेतलेला आणि त्याचं घड्याळ मी आजवर बदललेलं नाही, त्यामुळे प्रत्येक फोटोवर बडोद्याची वेळ असते. फोनमध्ये बाबांच्या कॉलची वेळ होतीच. तिच्यात साडेचार तास मिळवले आणि फोटो लावून पाहिले. अकरा एकेचाळीसला लाल कोटांचा बँड वळणावरून जाताना. नंतरचा फोटो अकरा एक्कावन्नचा, हिरव्या कोटातली एक मुलगी कॉर्नेटमधलं पाणी झटकते आहे. मधली दहा मिनिटं रिकामी.

ते दोन फोटो बाबांना पाठवले आणि खाली लिहिलं, या दोघांच्या मधला.