तुम्ही विचारलंत म्हणून: वकील असूनही मी वकील-नायकांच्या कादंबऱ्या का वाचतो

प्रत्यक्ष वकिली करणारा माणूस त्या ध्येयवेड्या, अन्यायाशी एकट्याने झुंजणाऱ्या वकिलांच्या गोष्टी अजून कशा वाचू शकतो, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे हसू पाहूनच मी तो ओळखतो. त्या गोष्टी खोट्या असतात आणि हे माझ्या लक्षात आलेले नसावे, असे त्या हसण्यात गृहीत असते.

खोटेपणाचा मुद्दा मला कंटाळवाणा वाटतो. उलटतपासात कोंडीत सापडलेला खरा खुनी भर न्यायालयात गुन्हा कबूल करत नाही, हे मला ठाऊक आहे. पेरी मेसन या वकील-नायकाच्या ऐंशीहून अधिक कादंबऱ्या लिहिणारे अर्ल स्टॅन्ली गार्डनर स्वतः वकील होते, तेव्हा त्यांनाही ते ठाऊक असणारच. याच गार्डनर यांनी १९४८ मध्ये एका मासिकाला हाताशी धरून, चुकीने शिक्षा झालेल्यांची प्रकरणे नव्याने तपासण्याचा उपक्रम सुरू केला आणि त्यातून काही खरी माणसे तुरुंगाबाहेर आली. माझी तक्रार वेगळी आहे. ती करण्याचा अधिकार मला फार महाग पडला, असे मी म्हणत असे. वस्तुतः त्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली.

वकिलीच्या पाचव्या वर्षी माझ्याकडे एका बाईंचे वकीलपत्र होते. त्यांचा नवरा कामावर असताना यंत्रात सापडून गेला होता. पुरावा सुरू होण्याआधी समोरच्या बाजूने तडजोडीचा प्रस्ताव आला. रक्कम मोठी नव्हती, तशी अगदी क्षुल्लकही नव्हती. अट एवढीच होती की चूक कोणाची, याविषयी कोठेही एक अक्षर लिहिले जाणार नाही. तो प्रस्ताव मी बाईंपुढे ठेवला. ‘ठेवला’ या शब्दावर मी पुढे कित्येक वर्षे जोर देत आलो, कारण ‘द व्हर्डिक्ट’ या १९८२ च्या चित्रपटातला वकील पक्षकारांना न विचारताच दोन लाख दहा हजार डॉलरची तडजोड धुडकावून लावतो, आणि मी त्याच्यासारखे वागलो नव्हतो. पण मी तो कसा ठेवला? यंत्राला संरक्षक जाळी नव्हती, हे आधी सांगितले. तेच झाकण्यासाठी पैसे देऊ केले जात आहेत, हे त्यानंतर. मग, तुमच्या नवऱ्याच्या मृत्यूचा जाब कोणीतरी द्यायला हवा की नको, असे विचारले. आणि रक्कम सर्वांत शेवटी सांगितली. बाईंनी एकच विचारले, “निकाल लागायला किती दिवस लागतील?” नेमके सांगता येत नाही, असे मी म्हणालो. थोडा वेळ हातातल्या पिशवीचे बंद चाळवत त्या गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “तुम्ही म्हणाल तसं, साहेब.” आज माझ्या हाताखालच्या एखाद्या तरुण वकिलाने असले उत्तर संमती म्हणून नोंदवले, तर मी त्याला खोलीबाहेर काढीन.

देखभालीची नोंदवही अखेरपर्यंत हाती लागली नाही, बरोबरीच्या कामगाराने साक्ष फिरवली आणि दावा फेटाळला गेला. अंतिम युक्तिवाद मात्र मी उत्तम केला होता. प्रतिपक्षाच्या वकिलांनीही तसे बोलून दाखवले. व्हरांड्यात बाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही बोललात मात्र फार चांगलं, साहेब.” त्यात उपरोध नव्हता. असता, तर मला बरे वाटले असते. अपील करायला त्यांनी नकार दिला आणि कागदपत्रे परत नेली. मी शुल्क घेतले नव्हते, आणि (हे लिहिताना लाज वाटते) त्याचाही मला तेव्हा अभिमान वाटला होता.

पुढे हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी पुन्हा वाचायला घेतली. खटला हरलेला वकील अ‍ॅटिकस न्यायालयातून निघतो तेव्हा सज्जातले कृष्णवर्णीय प्रेक्षक उठून उभे राहतात; तेथे माझे डोळे हमखास भरून येत. या वेळी मी त्याच्या कृष्णवर्णीय पक्षकाराला, टॉम रॉबिन्सनला, शोधत राहिलो. निकालानंतर तो पुन्हा आपल्यासमोर येतच नाही. तुरुंगातून पळू पाहताना सतरा गोळ्या लागून तो मरतो आणि ती बातमी आपल्याला त्याच्या वकिलाच्या स्वयंपाकघरात कळते.

त्या सुमारास एका व्याख्यानात मी ठासून सांगितले की या कादंबऱ्या वकील घडवत नाहीत, वकिलांचा अहंकार पोसतात. टाळ्या पडल्या. आता वाटते, ते विधान सोयीचे होते. माझी चूक मी पुस्तकांच्या कपाटावर ढकलून मोकळा झालो होतो. अ‍ॅटिकसने तो खटला मागून घेतलेला नव्हता, न्यायाधीशांनी त्याच्याकडे सोपवला होता. आपण हरणार, हे तो मुलीला आधीच सांगतो. आणि टॉमपुढे कोणी तडजोड ठेवलेली नव्हती. हे सारे त्याच पानांत छापलेले होते आणि मी ते ओलांडून थेट सज्जापर्यंत धावलो होतो. तरीही पुस्तकाला पूर्ण निर्दोष सोडवत नाही, कारण तो सज्जा लेखिकेनेच उभा केला आहे आणि तेथे कोणाकडे पाहायचे, हेही तिनेच ठरवले आहे.

गेल्या वर्षी जवळजवळ तसाच प्रस्ताव आला. या वेळी मी रक्कम आधी सांगितली, मग निकालाला लागू शकणारी वर्षे सांगितली आणि गप्प बसलो. पक्षकाराने पाच मिनिटांत होकार दिला. चूक कोणाची, हे कोठेही लिहिले गेले नाही, आणि ते यंत्र बहुधा तसेच चालू असेल. त्या रात्री मी कपाटातून असलीच एक कादंबरी काढली आणि उजाडेपर्यंत वाचत बसलो.