ऑटोक्लेव्हचं गॅस्केट आणि सात आठवडे (माझा अनुभव)

मी यावल तालुक्यातली, एमएस्सी बॉटनी झाल्यावर जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये केळीच्या टिश्यू कल्चरवर (बाटलीत कोंबांपासून रोपं वाढवायची पद्धत) प्रोजेक्ट असिस्टंट होते. जाहिरात, इंटरव्ह्यू, जॉइनिंग सगळं पटापट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते गॅस्केटचं, अजून आठवलं की डोकं तापतं.

फेब्रुवारीत ऑटोक्लेव्हच्या (वाफेच्या दाबाने जंतू मारायचं मशीन) झाकणाचं रबरी गॅस्केट, म्हणजे वाफ अडवणारी रिंग, फाटलं. वाफ बाहेर, दाबाचा काटा १५ पौंडावर जाईचना. मिडियात (ज्यावर कोंब वाढतात ते खाद्य) लिटरला ३० ग्रॅम साखर असते, १२१ डिग्रीला पंधरा-वीस मिनिटं नीट शिजला नाही तर दोन-तीन दिवसांत बाटलीत बुरशी. मी लॅबच्या मॅडमना म्हटलं, मी माझ्या पैशाने आणते, तर म्हणाल्या, "अगं मशीन कॉलेजचं आहे, उद्या काही झालं तर तुझ्यावर येईल, रीतसर जाऊ."

रीतसर म्हणजे तीन कोटेशन. ती आणली, ऑफिसात फाईल दिली, नऊ दिवस तिथल्या टेबलावर पडून राहिली आणि परत आली, का तर एका कोटेशनवर तारीख नव्हती. तारीख टाकून आणली, पुन्हा आठवडा, आता दुसऱ्यावर जीएसटी नंबर नाही. तोही आणला. मग तिसऱ्यांदा परत, कारण दोघांनी "गॅस्केट" लिहिलं होतं आणि एकाने "सीलिंग रिंग", म्हणे वस्तू वेगळ्या आहेत, तुलनात्मक तक्ता होणार नाही! मी ऑफिसातल्या साहेबांना म्हटलं, साहेब एकच वस्तू आहे, हे बघा फाटलेलं सोबत आणलंय, पण त्यांनी मान वर करून बघितलं पण नाही. सगळ्या चुका पहिल्याच दिवशी सांगता आल्या असत्या ना? मग मार्च एन्ड आला, खरेदीची मीटिंग पुढे गेली.

इकडे चारशेच्या आसपास बाटल्या. केळीचे कोंब तीन-चार आठवड्यांनी नव्या मिडियावर हलवावेच लागतात, उशीर झाला की बुडाशी काळे पडतात. ते फाईलसाठी थांबत नाहीत.

वाचवलं ते लॅबमधल्या माणसांनी. आमचे अटेंडंट काका घरून मोठा कुकर घेऊन आले, म्हणे, "कुकरचं प्रेशर बी तेवढंच र्‍हातं, काळजी नको करू बेटा." मग ताईने (सिनियर, पीएचडी करत होती) एक आणला, मी एक. एकात सहा-सात बाटल्या बसायच्या, खाली जाळी, वर पाणी जाऊ नये म्हणून फॉइल. शिट्टी झाली की गॅस बारीक करून वीस मिनिटं. आणि कुकर आपोआप गार होऊ द्यायचा, घाईने वाफ सोडली की मिडिया उकळून बाटलीबाहेर येतो, माझ्या पहिल्या घाण्याच्या चार बाटल्या अशाच गेल्या. ताई लॅमिनारवर (गाळलेल्या स्वच्छ हवेचं टेबल, तिथे कोंब हलवतात) रात्री आठपर्यंत बसायची, तिच्या डब्यातली कळण्याची भाकरी आम्ही तिघं मिळून खायचो. तरी पन्नासेक बाटल्या गेल्याच, मला रडू आलं होतं.

कोणाला वाटेल बाटल्यांचं काय एवढं. माझ्या वडिलांच्या केळीच्या बागेत सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) आला होता, आमच्याकडे हरण्या म्हणतात, झाडं उपटून फेकावी लागली. व्हायरस नसलेलं रोप मिळावं म्हणून तर हे सगळं, आणि त्यातही कंद घेतला ते झाड आधी तपासलेलं पाहिजे, नाहीतर लॅबमध्ये व्हायरसच वाढवून बसाल.

तुमच्यावर अशी वेळ आली तर तिन्ही कोटेशनवर वस्तूचं नाव अक्षर न् अक्षर सारखं लिहून घ्या. फाईल देताना आवक नंबर घ्या, मी दुसऱ्या वेळेपासून घेतला. आणि मशीन चालू असतानाच एक जादा गॅस्केट मागवून ठेवा, हे तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

एप्रिलमध्ये, बाहेर ४३ डिग्री, गॅस्केट आलं. काकांनी दहा मिनिटांत बसवलं. काटा हळूहळू १५ वर गेला तेव्हा मॅडमसकट सगळे मशीनसमोर उभे होतो, कोणी काही बोललं नाही.

हो, अजून एक, जुनं गॅस्केट फेकू नका. बिलाच्या वेळी ते स्टोअरला जमा केल्याची पावती मागितली, काकांनी कपाटामागे जपून ठेवलं होतं म्हणून निभावलं.