रात्री अकरा चाळीसची एन्ट्री

माझ्या कादंबरीत खून नाही. पाठलाग नाही, पिस्तूल नाही, अंधाऱ्या गल्लीत कुणी कुणाला गाठत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा फायनान्स विभाग आहे, मार्चअखेरचं क्लोजिंग, म्हणजे वर्षाचे हिशेब बंद करणं आहे आणि एक जर्नल एन्ट्री, म्हणजे हिशेबातली एक नोंद आहे. रात्री अकरा चाळीसला, नायिकेच्या आयडीवरून टाकलेली. ती टाकल्याचं तिला आठवत नाही. एवढ्यावर मी मानसशास्त्रीय थरारकथा लिहिते आहे म्हटल्यावर बहुतेकांनी विचारलं, "यात थरार कुठे आहे?" कादंबरी छापून हातात येईपर्यंत मी त्याच प्रश्नाशी झुंजत होते.

मी अकाउंट्सच्या टेबलावरच वाढले. फोर्टमधल्या एका फर्ममध्ये आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी, मग कंपन्यांमधल्या नोकऱ्या. पैशाभोवतीची मराठी गोष्ट म्हणजे सावकार, वाटण्या, थकलेलं कर्ज. ती मला जवळची आहे, पण महिनाअखेरीला रात्री साडेदहाला पँट्रीत उभ्यानं वडापाव खाऊन पुन्हा स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसांची गोष्ट मला फारशी वाचायला मिळाली नव्हती. ही माणसं रोज कोट्यवधींचे आकडे हाताळतात आणि स्वतः शेवटच्या लोकलची वेळ बघत असतात. त्यांच्या डोक्यात काय चालतं हे मला माहीत होतं, आणि कुणीतरी ते लिहायला हवं असं फार मनापासून वाटत होतं.

बीज मिळालं ते एका नियमातून. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीचा झाला. कोणती नोंद कधी बदलली याची आपोआप नोंद राहते आणि ती सोय बंद करता येत नाही. ऑडिटरलाही आपल्या अहवालात त्याबद्दल लिहावं लागतं. नियम चांगलाच आहे. पण ज्यानं क्लोजिंगच्या रात्री काढल्या आहेत त्याला दुसरी गोष्टही माहीत असते. "अगं, माझा आयडी लॉक झालाय, तुझ्यातून एक जेव्ही टाक ना," हे वाक्य. जेव्ही म्हणजे तीच जर्नल एन्ट्री. घाईत दिलेला पासवर्ड, चहाला जाताना उघडा राहिलेला स्क्रीन. त्या आपोआप नोंदीला, म्हणजे लॉगला आयडी कळतो, बोटं कुणाची होती ते कळत नाही. मला माझी कादंबरी त्या फटीत दिसली. लॉग सांगतो की हे तूच केलंस, लॉग खोटं बोलत नाही हे तू स्वतः सगळ्यांना शिकवलंयस, आणि तुला काही आठवत नाही.

मग काळाची चौकट ठरवली, आणि ती मला कायद्यानंच आखून दिली. लिस्टेड कंपनीला वार्षिक निकाल वर्ष संपल्यापासून साठ दिवसांत जाहीर करावे लागतात. तिमाही संपली की ट्रेडिंग विंडो बंद होते, ती निकाल जाहीर झाल्यानंतर अठ्ठेचाळीस तासांनी उघडते. तोवर आतली माहिती असलेल्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या जवळच्या नातेवाइकांना कंपनीच्या शेअर्सचा व्यवहार करता येत नाही. निकालाची मुदत म्हणजे १ एप्रिल ते ३० मे. सगळी कादंबरी त्या साठ दिवसांत घडते. 'जवळचे नातेवाईक' या दोन शब्दांनी तर मला अख्खं उपकथानक दिलं. नायिकेच्या नवऱ्याच्या डीमॅट खात्यातून एप्रिलमध्ये थोडे शेअर विकले जातात. रक्कम किरकोळ आहे, कारण विचारलं तर तोही सरळ सांगतो. पण त्यानंतर तिला घरातही मोकळेपणानं फोनवर बोलता येत नाही. ऑफिसातला संशय घरात शिरला की माणसाला टेकायला जागा उरत नाही, आणि मला तिला तिथपर्यंत न्यायचं होतं.

सगळ्यात जास्त वेळ घेतला सीएफओच्या, म्हणजे कंपनीच्या वित्तप्रमुखाच्या पात्रानं. मला खलनायक नको होता. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्स या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला लिहिलेलं पत्र मी या काळात पुन:पुन्हा वाचलं. ताळेबंदात रोख आणि बँक शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवलेली होती, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. जुलै-सप्टेंबर २००८ च्या तिमाहीचा ऑपरेटिंग नफा ६४९ कोटी दाखवला होता, प्रत्यक्षात तो ६१ कोटी होता. आकडे हादरवतातच. पण मला हवं होतं ते त्या पत्राच्या सुरात सापडलं. खऱ्या आणि पुस्तकी नफ्यातलं अंतर सुरुवातीला किरकोळ होतं, मग ते वर्षागणिक वाढत गेलं. वाघावर बसल्यासारखी स्थिती झाली, तो खाणार नाही अशा बेतानं उतरायचं कसं ते कळेना. आणि त्याच पत्रात असंही, की कंपनीतून आपण एक रुपयाही घेतला नाही.

हा सूर मी जवळून ओळखते. मोठ्या घोटाळ्यात नव्हे, साध्या बैठकांमध्ये तो ऐकला आहे. "या तिमाहीपुरतं धरू, पुढच्या तिमाहीत रिव्हर्स करू." अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी अफरातफरीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेलेल्यांशी बोलून १९५३ मध्ये जे मांडलं, ते ऑडिट शिकणाऱ्या प्रत्येकाला त्रिकोणाच्या रूपात पाठ असतं: दबाव, संधी आणि स्वतःला दिलेलं समर्थन. परीक्षेत आपण तिन्ही बाजू लिहून मोकळे होतो. कादंबरीत तिसरी बाजू आतून लिहावी लागते. माझा सीएफओ पहिल्या प्रकरणात एका ज्युनियरच्या आईच्या ऑपरेशनसाठी स्वतःच्या खिशातून पैसे देतो, आणि ते ढोंग नाही. तो खरंच तसा आहे. चारशे जणांच्या नोकऱ्या वाचवायच्या म्हणून तो आकडा हलवतो, आणि एकदा ते कारण मनाशी पक्कं झालं की आड येणाऱ्या एका मुलीचं आयुष्य हलवणं त्याला फार जड जात नाही. तो तिच्याशी शेवटपर्यंत प्रेमानं बोलतो. "तू दमली आहेस गं, चार दिवस रजा घे." संपादनाच्या वेळी मी त्याचे सगळे धमकीवजा संवाद काढून टाकले. उरली ती काळजी, आणि ती जास्त भिववते.

आता राहिली नायिका. शहाणी, कामात चोख बाई स्वतःच्या स्मरणशक्तीवर इतकी शंका घेईल का? मलाच आधी पटत नव्हतं. मग १९९६ चा एक प्रयोग वाचनात आला. सॉल कॅसिन आणि कॅथरीन कीचेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरवर अक्षरं टाइप करायला बसवलं आणि बजावलं, ऑल्ट या बटणाला हात लावू नका, कॉम्प्युटर बंद पडेल. थोड्या वेळानं तो मुद्दामच बंद पाडला आणि ठपका विद्यार्थ्यावर ठेवला. एकानंही ते बटण दाबलं नव्हतं. तरी एकूण ६९ टक्के जणांनी कबुलीवर सही केली. ज्यांना वेगानं टाइप करायला लावलं होतं आणि ज्यांच्यासमोर "मी बघितलं, यानं दाबलं," अशी खोटी साक्ष दिली गेली, त्या गटातल्या तर एकूण एक जणानं सही केली. त्यातल्या बऱ्याच जणांना आपण ते खरंच केलं असं वाटू लागलं होतं.

हे वाचल्यावर मी उठून खोलीत येरझाऱ्या घालू लागले. कीबोर्ड, घाई, आणि दिलेली साक्ष. माझ्या कादंबरीत ती साक्ष लॉग देणार होता. ओळखीच्या एका मनोविकारतज्ज्ञ बाईंना मी सगळं कथानक सांगितलं. त्यांनी मला नायिकेची झोप विचारली. "ती किती वाजता झोपते, ते प्रत्येक प्रकरणात ठरव. झोप तुटली की आठवणीवरचा भरवसा आधी डळमळतो, आणि असं होतंय हे त्या माणसाला बाहेरून दिसत नाही." मी तसंच केलं. हस्तलिखिताच्या समासात पेन्सिलीनं झोपेचे तास लिहिले. मे महिन्यापर्यंत ते कमी होत जातात आणि त्याबरोबर तिची वाक्यंही आखूड होत जातात.

भीती कागदात कशी आणायची, हे मला वडिलांच्या एका मित्रांनी शिकवलं. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले काका. बँक कन्फर्मेशनचं प्रकरण मी त्यांना वाचून दाखवलं. त्यात बँकेच्या मुदतठेवींची खात्री देणारं पत्र येतं, आकडा पैशापर्यंत जुळतो. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "पत्र आणलं कुणी?" कंपनीच्या शिपायानं, मी म्हटलं. "मग पोरी, ते पत्र नव्हेच. ऑडिटरनं बँकेला थेट विचारायचं आणि बँकेनं ऑडिटरलाच थेट कळवायचं. मधे कंपनीचा हात आला की संपलं." नियम मलाही माहीत होता, प्रसंगातला ताण त्यांनी दाखवून दिला. २०२० मध्ये जर्मनीच्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीचे १.९ अब्ज युरो फिलिपिन्समधल्या दोन बँकांत आहेत असे कागद ऑडिटरसमोर होते. ते कागद बनावट आहेत असं त्या बँकांनीच सांगितलं. कागद नेहमी नीटनेटकेच असतात. म्हणून माझ्या कादंबरीत ते पत्र दुसऱ्याच दिवशी सकाळी येतं. खरी शाखा असती तर तिनं दोन स्मरणपत्रं पाठवायला लावली असती, सहीतलं एखादं नाव चुकवलं असतं. इथे सगळं बिनचूक आहे, आणि ते बघून नायिकेच्या हाताला घाम येतो. अकाउंट्समधल्या वाचकांनी सगळ्यात जास्त याच पानाबद्दल लिहिलं.

छापण्याचा भाग थोडक्यात सांगते. एका प्रकाशकांनी पहिल्या वीस पानांत मृतदेह मागितला. मी नम्रपणे नकार दिला. दुसऱ्यांकडे हस्तलिखित बरेच महिने पडून राहिलं, पण तिथल्या संपादकांनी वाचलं तेव्हा एका बैठकीत वाचलं. त्याआधी मी जिथे नोकरी करते तिथे कादंबरीबद्दल लेखी कळवलं होतं, आणि कथेतल्या कंपनीचा धंदा माझ्या कुठल्याही नोकरीशी जुळणार नाही असा निवडला होता. या क्षेत्रात राहून लिहिणाऱ्यानं हे आधीच करावं. कंपनीचं काल्पनिक नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधून पाहिलं. मनातली पहिली नावं आधीच नोंदलेली निघाली. शेवटी वकिलांनी पानन् पान वाचून होकार दिला.

शेवटावरून मात्र संपादकांशी बराच वाद झाला. त्यांना बेड्या हव्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की वाचक एवढं सोसतो, त्याला न्याय मिळायला हवा. मी त्यांना सत्यमची तारीख दाखवली: पत्र जानेवारी २००९ चं, हैदराबादच्या विशेष न्यायालयानं दोषी ठरवलं ते एप्रिल २०१५ मध्ये, आणि तेही पुढे अपिलात गेलं. साठ दिवसांच्या कादंबरीत बेड्या बसत नाहीत. माझ्या शेवटच्या प्रकरणात नायिका ऑडिट कमिटीच्या, म्हणजे हिशेबांवर देखरेख ठेवणाऱ्या संचालकांच्या समितीच्या अध्यक्षांना पाच पानी निवेदन देते. पहिल्या चार पानांत पुरावे आहेत. पाचव्यावर ती लिहिते, की ३१ मार्चच्या रात्री अकरा चाळीसची एन्ट्री माझी असू शकते, मला खात्री देता येत नाही, तरी बाकीच्या सगळ्या तपासा. संपादकांना वाटलं, या एका ओळीनं तिची सगळी बाजू दुबळी होते. मला वाटतं तिच्यासारखी बाई ती ओळ गाळूच शकत नाही. आमचं एकमत झालं नाही. ओळ पुस्तकात आहे.