तार्वासच्या टेबलावर

एस्टोनियातल्या राक्वेरेला आलो तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. दुपारी साडेतीनला अंधार पडायचा. नवऱ्याची नोकरी तिथल्या एका कारखान्यात, मुलगा सात वर्षांचा, शाळेत नवीन. मी दिवसभर घरात. राजधानी तालिनपासून पूर्वेला शंभर किलोमीटरवर हे गाव, वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. आपल्याकडे हा आकडा म्हणजे तालुक्याच्या गावाहूनही लहान गाव. पण या गावाचा स्वतःचा व्यावसायिक बास्केटबॉल संघ आहे. त्याचं नाव तार्वास.

तार्वास म्हणजे एक रानबैल, जो आता जगातून नाहीसा झाला आहे. गावाचं जुनं नाव तार्वानपेआ, म्हणजे 'रानबैलाचं डोकं'. तेराव्या शतकातल्या बखरीत ते सापडतं. किल्ल्याच्या टेकडीवर या बैलाचा काशाचा प्रचंड पुतळा आहे. शिल्पकार तौनो कांग्रो यांनी तो घडवला आणि २००२ मध्ये, गावाला नगराचा दर्जा मिळाल्याला ७०० वर्षं झाली तेव्हा, तिथे बसवला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्या शिंगांवर बर्फ साचलं होतं आणि मला पोळ्याला सजवलेल्या बैलांची आठवण येऊन एकदम भरून आलं. त्याच आठवड्यात मुलाला घेऊन पहिला सामना बघायला गेले. आत ऊब होती, उजेड होता, आणि निम्मं गाव तिथे होतं.

मी सांगली जिल्ह्यातली. बाबा शाळेत शिक्षक आणि खो-खोचे गुणलेखक. लहानपणी कितीतरी स्पर्धांना मी त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसून पेन्सिली तासून दिल्या आहेत. त्यामुळे बास्केटबॉल बघतानाही माझे डोळे खेळाडूंपेक्षा मधल्या लांब टेबलाकडेच जायचे. चार-पाच माणसं मान खाली घालून लिहीत, बटणं दाबत बसलेली. तिसऱ्या सामन्याला धीर केला. मध्यंतरात टेबलाजवळ जाऊन तिथल्या वयस्क बाईंना माझ्या मोडक्या एस्टोनियनमध्ये विचारलं, "हे काम शिकायला काय करावं लागतं?"

त्या निवृत्त गणिताच्या शिक्षिका. मी त्यांना मनातल्या मनात बाईच म्हणायचे. त्या हसल्या नाहीत, "आधी भाषा" असंही म्हणाल्या नाहीत. पर्समधून एक कोरी स्कोअरशीट काढून दिली आणि म्हणाल्या, पुढच्या सामन्याला वर प्रेक्षकांत बसून ही भरून आण.

ती शीट मी आजही जपून ठेवली आहे. सगळी चुकलेली.

आंतरराष्ट्रीय नियमांची स्कोअरशीट म्हणजे एक पानभर चौकोन. डावीकडे दोन्ही संघांचे खेळाडू आणि प्रत्येकापुढे फाऊलचे पाच रकाने. उजवीकडे एकापासून सुरू होणारे आकडे दोन-दोन स्तंभांत, हा चालता स्कोअर. साधी बास्केट झाली की नव्या एकूण गुणांच्या आकड्यावर तिरकी रेघ आणि शेजारी खेळाडूचा नंबर. तीन गुणांची असेल तर त्या नंबरभोवती गोल. फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मिळणारी फेक, असेल तर रेघेऐवजी भरीव ठिपका. फाऊलला पी, टेक्निकलला टी, खिलाडूपणा सोडून केलेल्याला यू. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं किंवा काळं. क्वार्टर संपला की शेवटच्या आकड्याला जाड गोल आणि खाली रेघ. बदली खेळाडू पहिल्यांदा मैदानात उतरला की त्याच्या नावापुढे एक फुली. सुरुवातीच्या पाच जणांच्या फुलीला मात्र गोल. हे सगळं खेळ न थांबता, मान वर-खाली करत. खो-खोत बाबांना कोण बाद झालं तेवढं तरी स्पष्ट दिसायचं. इथे एका बास्केटची नोंद करेपर्यंत चेंडू दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो.

प्रशिक्षण एका शनिवारी होतं, सगळं एस्टोनियन भाषेत. त्याआधी चार महिने मी भाषेच्या वर्गाला जात होते. चौदा विभक्त्या. मराठीच्या विभक्त्या पाठ करताना शाळेत रडलेली मी आता पस्तिसाव्या वर्षी पुन्हा वहीत तक्ते काढत होते. शब्द मात्र सामन्यांतून शिकले. 'विगा' म्हणजे फाऊल. 'वाहेतुस' म्हणजे बदली. टेबलावर काम करणारा तो 'लाउआकोहतुनिक', शब्दशः टेबलाचा न्यायाधीश. हा शब्द मला फार आवडला.

परवान्याच्या पहिल्या लेखी परीक्षेत मी नापास झाले. शॉट क्लॉकच्या प्रश्नांनी घात केला. हल्ला करणाऱ्या संघाला चोवीस सेकंदांत चेंडू टाकावा लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण चेंडू रिंगला लागून परत त्याच संघाच्या हातात आला तर घड्याळ चोवीसवर नाही, चौदावर आणायचं. बचाव करणाऱ्याने समोरच्या अर्ध्या मैदानात फाऊल केला आणि फ्री थ्रो नसतील, तर घड्याळात चौदा किंवा जास्त असतील तेव्हा जिथे आहे तिथूनच पुढे. तेरा किंवा कमी असतील तर चौदा. हाच फाऊल हल्ला करणाऱ्यांच्या स्वतःच्या अर्ध्यात झाला तर मात्र पुन्हा चोवीस. पेपरात 'पुढचं मैदान' आणि 'मागचं मैदान' या शब्दांत माझी गल्लत झाली आणि तीन प्रश्न उलटे सुटले. खेळ मला कळत होता, वाक्य कळलं नव्हतं. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूने मैदान आखलं, मुलाला चेंडू दिला आणि प्रत्येक वेळी आकडा एस्टोनियनमध्ये मोठ्याने म्हणायचा असा नेम केला. तीन महिन्यांनी दुसऱ्या खेपेला पास झाले. बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा मला 'तेइए' सोडून 'सिना' म्हटलं, अहो-जाहोवरून अगं-तुगंवर आल्या. मला परवान्याइतकाच त्याचा आनंद झाला.

सुरुवात मुलांच्या सामन्यांपासून. रविवारी सकाळी नऊला, कधी कधी दिवसाला चार सामने. आणि तिथेच माझ्याकडून ती चूक झाली.

एस्टोनियनमध्ये दोन म्हणजे काक्स, आठ म्हणजे काहेक्सा. बारा म्हणजे काक्सतेइस्त, अठरा म्हणजे काहेक्सातेइस्त. शांत खोलीत फरक कळतो. हॉलमध्ये पालक ओरडत असताना, बूट करकरत असताना नाही. शेजारी बसलेल्या सहायक गुणलेखकाने अठरा म्हटलं, मी बारा ऐकलं, आणि अठरा नंबरच्या मुलाचा तिसरा फाऊल बारा नंबरच्या नावावर गेला. शेवटच्या क्वार्टरमध्ये बारा नंबरने फाऊल केला. माझ्या शीटवर त्याचे पाच भरले, म्हणजे तो सामन्यातून बाहेर. फाऊल दाखवायच्या पाट्यांमध्ये एक ते चार काळ्या अक्षरात असतात, पाच लाल. मी लाल पाटी वर केली. तो पंधरा वर्षांचा पोरगा काही न बोलता बाकावर जाऊन बसला आणि टॉवेल डोक्यावर ओढून घेतला.

त्याचे प्रशिक्षक टेबलाशी आले. आवाज चढवला नाही, आपली वही दाखवली. पंचांनी खेळ थांबवला. मुख्य पंचांनी शीटवर सही करेपर्यंत अशी चूक दुरुस्त करता येते, नियमच आहे. सहायकाला आठवलं, दोन्ही पंचांना आठवलं. फाऊल अठराच्या रकान्यात गेला आणि मुलगा परत मैदानात आला. सगळं मिळून दोन मिनिटं. पण तो टॉवेल कितीतरी रात्री माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही.

बाईंनी इलाज सांगितला: कानांवर विसंबू नकोस, पंचांच्या हातांकडे बघ. फाऊल कळवताना पंच टेबलाकडे तोंड करून नंबर बोटांनी दाखवतात. सोळा असेल तर आधी हाताची मागची बाजू आपल्याकडे करून एक, मग तळवे आपल्याकडे करून सहा. दशक आणि एकक वेगळे. तेव्हापासून बोटं बघितल्याशिवाय माझं पेन कागदाला टेकत नाही. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "आम्हीपण बाद झालेल्याच्या पाठीवरचा नंबर बघितल्याशिवाय लिहीत नव्हतो गं. नाव कुणीही काहीही ओरडतं."

दोन हिवाळे असे गेले. शॉट क्लॉक, मग वेळ, मग सहायक. व्यावसायिक सामन्याला स्कोअरर म्हणून पहिल्यांदा बसले ते तिसऱ्या हिवाळ्यात.

इथे थोडं लीगविषयी सांगायला हवं. सगळा एस्टोनिया साधारण साडेतेरा लाखांचा. तालिनच्या कालेव्ह संघाने १९९१ मध्ये अख्ख्या सोव्हिएत संघाचं शेवटचं विजेतेपद घेतलं होतं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा अधिकृतपणे खेळला गेला, तेव्हा एस्टोनियाने फ्रान्सला ३४-२९ असं हरवलं होतं. टेबलावरच्या सगळ्यांना हे आकडे पाठ आहेत. पण एवढ्याशा देशात व्यावसायिक लीग चालवायला पुरेसे तगडे संघ कुठून आणायचे? म्हणून २०१८ पासून एस्टोनिया आणि लाटवियाची एकत्र लीग आहे. म्हणजे राक्वेरेच्या पोरांना लाटवियातल्या लिएपायापर्यंत जायचं तर बसने पाचशेहून अधिक किलोमीटर, आणि खेळून परत. राजधानीतल्या संघापुढे लहान गावाचा खिसा कायम हलका. पुरस्कर्त्यांच्या पैशाबरोबरच हॉल उघडणारा, जर्सी धुणारा, तिकिटं फाडणारा, फरशी पुसणारा असे सगळे मिळून तो संघ उभा राहतो. मला त्यात टेबलाचा एक कोपरा मिळाला होता.

त्या संध्याकाळी पाहुणे लाटवियाहून आलेले. सामन्याच्या चाळीस मिनिटं आधी याद्या हातात. नावं ठळक मोठ्या अक्षरात लिहायची. लाटवियन नावांच्या शेवटी स, एस्टोनियन नावांत जोडीजोडीने स्वर. अमेरिकेहून एका हंगामासाठी आलेल्या खेळाडूंची नावं मला सगळ्यात सोपी गेली. दहा मिनिटं राहिली तेव्हा दोन्ही प्रशिक्षक आले, सुरुवातीच्या पाच जणांवर खूण करून सह्या करून गेले. बाई माझ्या डावीकडे, सहायक म्हणून. इतकी वर्षं त्या स्कोअरर, त्या दिवशी त्यांनीच जागा बदलली.

मी लाल पेन उचललं तेव्हा समोरच्या प्रेक्षकांत माझा मुलगा दिसला. संघाचा स्कार्फ गळ्यात, ढोलाच्या तालावर ओरडतोय. आणि मला ओरडता येणार नव्हतं. टेबलावरचा माणूस टाळी वाजवत नाही, हात वर करत नाही, चुकून "अरे!" सुद्धा म्हणत नाही. या गावात आल्यापासून ज्या एका गोष्टीसाठी मी अंधारात, उणे पंधरात घराबाहेर पडत होते, तिच्याजवळ बसण्याची ही अट होती. बाबा त्यांच्या स्वतःच्या गावाच्या संघाचं गुणलेखन करताना तोंडात सुपारी धरायचे, ती का, हे मला त्या दिवशी कळलं.

पहिले तीन क्वार्टर लिहीत लिहीतच गेले. चौथ्यात शेवटची दोन मिनिटं, तार्वास एका गुणाने मागे. या दोन मिनिटांत बास्केट झाली तरी घड्याळ थांबतं, त्यामुळे वेळ संपता संपत नाही. टाइम-आउट मागितला गेला. मी रकाना बघितला, एक शिल्लक होता. बझर. लोक उभे. लाटवियाने दोन फ्री थ्रो टाकले, मी दोन ठिपके भरले. तीन गुणांचं अंतर. अकरा सेकंद. तार्वासच्या मुलाने कोपऱ्यातून टाकलेला चेंडू रिंगच्या मागच्या काठावर आपटून वर उडाला आणि सगळा हॉल गप्प झाला. माझ्या डाव्या हाताची मूठ टेबलाखाली इतकी घट्ट आवळली होती की नखांचे वळ उमटले. उजवा हात मात्र कागदावर होता, पेन उघडं.

चेंडू बाहेर पडला. बझर वाजला. लिहायला काही नव्हतं.

मग ती वेळ, जी प्रेक्षकांना कधी दिसत नाही. हॉल रिकामा होत असताना आपण बेरजा करायच्या. प्रत्येक खेळाडूचे गुण, त्यांची बेरीज, ती चालत्या स्कोअरच्या शेवटच्या आकड्याशी जुळली पाहिजे. बाईंनी वेगळी केली, मी वेगळी केली. पहिल्याच खेपेला जुळली. आम्ही टेबलावरच्या सगळ्यांनी सह्या केल्या, मग पंचांनी, सगळ्यात शेवटी मुख्य पंचांनी. गुलाबी प्रत जिंकलेल्या संघाची, पिवळी हरलेल्याची. पिवळी प्रत घ्यायला तार्वासचे व्यवस्थापक आले. मी ती दोन्ही हातांनी त्यांच्याकडे दिली. त्यांनी बारकाईने पाहिली, घडी घातली आणि "ऐताह" म्हणाले, धन्यवाद.

बाहेर बर्फ पडत होतं. मुलगा हिरमुसून गाडीत झोपला होता. मी मूळ शीटचा काढून ठेवलेला फोटो बाबांना पाठवला. सांगलीत मध्यरात्र उलटून गेली होती, पण ते जागेच होते. दहा मिनिटं काही उत्तर नाही. मग फोन आला.

"बेरीज बघितली. बरोबर आहे," ते म्हणाले. "आणि शेवटच्या आकड्याखाली दोन जाड रेघा आहेत, त्या कशाच्या?"

"सामना संपल्याच्या," मी म्हटलं. "आणि त्याच्या खालच्या रिकाम्या आकड्यांवर एक लांब तिरकी रेघ, कुणी नंतर काही लिहू नये म्हणून."

"आमच्याकडे एकच मारायचो," बाबा म्हणाले, आणि मग बराच वेळ त्यांनी मला लाटवियाच्या सात नंबरने किती फाऊल केले ते विचारलं, एकेक करून.