आजींचे ‘येतो’

“आजी, ‘येतो’ नाही, ‘येते’ म्हणायचं,” असे सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कापडदुकानातील तरुण विक्रेत्याने आज शहराच्या पूर्व भागातल्या एका तेलुगूभाषक आजींना हसत सुधारले, तेव्हा त्या पिशवी सावरत म्हणाल्या, “येतो म्हटलं तरी बाईच की रे मी!”

गिऱ्हाइके हसली. मला मात्र ते सुधारणे खटकले.

तेलुगूत स्त्री असो वा पुरुष, दोघेही ‘वस्तानु’च म्हणतात, कन्नडमध्येही ‘बरुत्तेने’ या रूपावरून बोलणारी बाई की पुरुष हे कळत नाही. प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नसलेल्या भाषेत वाढलेल्या आजींनी मराठीतही एकच रूप वापरले, तर त्या दुसऱ्या एका व्याकरणाची शिस्तच पाळत असतात. शिवाय आपली मराठी तरी कुठे एकमार्गी आहे? ‘मी येईन’मध्ये तीही लिंग सांगत नाही आणि ‘मी साडी घेतली’मध्ये क्रियापद बोलणाऱ्याला सोडून साडीच्या मागे जाते. (हे वाक्य तर तो विक्रेता दिवसभर ऐकत असणार!)

उत्तरपत्रिकेत ‘येते’च हवे, याविषयी माझे दुमत नाही. पण घरात मराठीच बोलणाऱ्या कोल्हापूरकडच्या कित्येक स्त्रियाही ‘मी येतो’ म्हणतात. त्यांना दुकानात अडवून सुधारण्याची हिंमत कोण करील?