कार्डावर साय, भिंतीवर आमरस

“अहो, शेडकार्डावर तर रंग सायीसारखा दिसत होता!”

सांगलीतला पश्चिमेकडचा हॉल, संध्याकाळचे 5. नवी क्रीम भिंत चक्क आमरसासारखी.

पेंटरचा दोष नाही. उतरतं ऊन मुळातच पिवळट, त्यात समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात. अशा खोलीला राखाडी किंवा हिरवट झाक बरी, तीही कार्डावर आवडली त्याहून एक शेड फिकी.

नमुना नुसत्या पुट्टीवर मारू नका, पुट्टी रंग पिते. आधी प्राइमर, मग 2 हात, 2 बाय 2 फूट, दोन भिंतींवर. सकाळी 9, दुपारी 4 आणि रात्री ट्यूबलाइटखाली बघा. फिनिश मॅटच, चकचकीत रंगावर तिरप्या उन्हात पुट्टीचा एकेक उंचवटा चुगली करतो.

20 लिटरची बादली बिनधास्त उचलतो, मग नमुन्याच्या छोट्या डबीलाच हात आखडता का?