खजिनदाराने उघडलेला अध्याय

खजिनदार बैठकीला आला तो फक्त बायबल घेऊन. हिशेबाची वही त्याने आदल्या आठवड्यातच आमच्या ताब्यात दिली होती आणि वहीत जे सापडलं ते त्याने नाकारलंही नव्हतं. आजारी आणि अडलेल्या लोकांसाठी आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, जो मदतनिधी ठेवते, त्यातून तो थोडेथोडे पैसे स्वतःसाठी काढत होता. परत ठेवू, ठेवू म्हणत राहिला आणि रक्कम वाढत गेली.

मी या मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मगुरू. पंचांची बैठक म्हणजे एरवी छताची गळती, ध्वनिक्षेपकाची खरखर आणि उपासनेची वेळ बदलावी का, यावरचा न संपणारा वाद. त्या संध्याकाळी मात्र विषय एकच होता, आणि कुणी चहालाही हात लावला नव्हता.

बोलायची परवानगी मिळाल्यावर त्याने बायबलमधलं, प्रेषित पौलाने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं ‘रोमकरांस पत्र’ उघडलं. सातवा अध्याय. जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही, आणि करावंसं वाटत नाही ते वाईट मात्र करतो. मग सतरावं वचन : ते करणारा मी नव्हे, माझ्यात वसणारं पाप ते करतं. इथे त्याचा आवाज फाटला. ‘‘किती मी कष्टी माणूस!’’ इथपर्यंत येऊन त्याने पुस्तक मिटलं आणि म्हणाला, ‘‘पाळकसाहेब, खुद्द पौलाची ही गत होती. मी कोण?’’

दोघा पंचांचे डोळे भरून आले. दोघे चिडले. उरलेले माझ्याकडे बघायला लागले.

मग जे झालं त्यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसणार नाही. चोरीच्या चौकशीसाठी जमलेली माणसं अर्थनिर्णयावर भांडू लागली. बायबल वर्ग घेणारे आमचे ज्येष्ठ पंच म्हणाले, हा अध्याय विश्वासात येण्याआधीच्या माणसाचा आहे, तो तुला लागूच होत नाही. दुसरे म्हणाले, छे, पौल वर्तमानकाळात बोलतोय, म्हणजे तो ख्रिस्ती माणसाचाच रोजचा झगडा आहे. खरं तर हा वाद फार जुना आहे. चर्चचा प्राचीन विचारवंत ऑगस्टीन याने स्वतःच यावर मत बदललं : आधी त्याला इथे मोशेच्या नियमशास्त्राखाली दबलेला माणूस दिसत होता, पुढे माणूस स्वबळावर चांगलं वागू शकतो या पेलागियसच्या शिकवणीशी वाद झाला त्या काळात तो इथे प्रत्यक्ष प्रेषिताचा आवाज ऐकू लागला. प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथर त्या दुसऱ्या वाटेने गेला, मेथडिस्ट पंथाचा वेस्ली पहिल्या. माझ्या मनात काय आहे ते मी त्या दिवशी सांगितलं नाही, कारण त्याने काहीच फरक पडणार नव्हता. दोन्ही वाचनांत एक गोष्ट समान आहे : बोलणारा माणूस सुटकेसाठी ओरडतोय, सुटण्यासाठी सबब देत नाहीये.

मी खजिनदाराला एवढंच विचारलं, ‘‘वाचन तिथेच का थांबवलंस?’’

‘‘अध्याय संपतच आला होता ना.’’

अध्याय पौलाने पाडलेले नाहीत. ती विभागणी तेराव्या शतकातली. रोममधल्या मंडळीने हे पत्र ऐकलं तेव्हा मध्ये कुठे थांबायची खूण नव्हती. आणि सातव्या वचनापासून अध्यायाच्या शेवटापर्यंत पाहिलं तर पानभर ‘मी, मला, माझं’ आहे, पवित्र आत्म्याचं नाव एकदाही नाही. आठव्यात शिरलं की तेच नाव वीसएक वेळा येतं. आमचा बहुतेकांचा समज असा की माझ्यात एक चांगला अर्धा भाग आहे, एक वाईट, आणि ते आपसात भांडतात. पौल तसं म्हणत नाही. गलतीकरांस पत्रात तो देहवासनेच्या विरोधात उभा करतो तो देवाचा आत्मा, माझा सज्जनपणा नव्हे. सज्जन अर्ध्या भागाच्या नावाने जामीन मागता येत नाही तो यामुळेच.

खजिनदार हुशार माणूस. त्याने लगेच पान उलटलं. ‘‘पण आठव्याची सुरुवातच अशी आहे की ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही.’’

‘‘खरं आहे. त्यावरच माझाही भरवसा आहे. आता तेरावं वाच.’’

त्याने वाचलं. आत्म्याच्या योगे शरीराची कर्मं ठार माराल तर जगाल. ठार मारा, असा शब्द आहे. हे सांगितलंय दंडाज्ञा उठलेल्या माणसालाच. शिक्षा टळावी म्हणून नव्हे, टळली आहे म्हणून. तो बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसला. मग त्याने पहिल्यांदा ‘पाप’ हा शब्द बाजूला ठेवून ‘मी’ म्हटलं : कोणत्या महिन्यात, कुणाच्या नावावर खोटी नोंद केली, कोणत्या आजारी बाईला ‘निधीत पैसे नाहीत’ असं सांगून परत पाठवलं. ते शेवटचं आम्हाला माहीत नव्हतं. वहीत ते दिसण्यासारखं नव्हतंच.

यावर खोली पेटली. ज्येष्ठ पंच उठून उभे राहिले. चोर, ढोंगी, आणि त्यापुढचं बरंच. त्यांच्या बाजूच्याने त्याच्या बायकोला ओढलं, मुलाच्या शिक्षणाला ओढलं. विरुद्ध बाजूने कुणीतरी जुनी उणीदुणी काढली : मागच्या निवडणुकीत हे पद कुणाला हवं होतं, कुणी कुणाची मतं फोडली. दहा मिनिटांत त्या खोलीत खजिनदाराकडे कुणाचं लक्ष उरलं नव्हतं. दोन तट समोरासमोर होते आणि तो मध्ये बसून होता.

मी गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय मोठ्याने वाचायला घेतला. देहाच्या कर्मांची ती यादी लोक ऐकतात तेव्हा त्यांना पहिली तीन आणि शेवटची दोन आठवतात : जारकर्म, अशुद्धपणा, कामातुरपणा, मग थेट दारूबाजी आणि रंगेलपणा. मधलं कुणी ऐकत नाही. वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद, हेवा. पंधरांपैकी आठ. यांतल्या कशालाही बाटली लागत नाही की बिछाना. सभेचा ठराव पुरतो. देह म्हणजे कातडी आणि मांस असं पौलाला म्हणायचं असतं तर ‘पक्षभेद’ तिथे आला नसता. शरीराला तर तो करिंथकरांना लिहिताना आत्म्याचं मंदिर म्हणतो.

‘‘त्या यादीत चोरी कुठे आहे?’’ ज्येष्ठ पंचांनी विचारलं. प्रश्न रागाने होता पण बरोबर होता. चोरीचं नाव तिथे नाही.

खजिनदारच म्हणाला, ‘‘शेवटी ‘आणि अशा इतर गोष्टी’ आहे, साहेब. मी त्यात येतो.’’

कुणीतरी हसलं. हसू वाईट नव्हतं. ज्येष्ठ पंच बसले.

पुढचा तासभर कंटाळवाणा होता, आणि माझ्या मते आत्म्याचं काम झालं असेल तर त्या तासातच. यादीनंतरच्याच पानावर लिहिलंय की कुणी अपराधात सापडला तर सौम्य वृत्तीने त्याला ताळ्यावर आणा, आणि स्वतःकडेही लक्ष ठेवा, तुम्हीही मोहात पडाल. ‘सौम्य’ म्हणजे प्रकरण मिटवणं, असं दोघांना वाटत होतं. ते मी मान्य केलं नाही. त्याने पद सोडायचं. हे प्रकरण रविवारी मंडळीपुढे सांगायचं, आणि ते त्यानेच सांगायचं. परतफेडीचे हप्ते ठरले. त्या बाईच्या घरी तो जाणार, एकटा नाही. ज्यांनी सगळ्यांत आधी डोळे पुसले त्या वडीलबाई म्हणाल्या, मी येते, पण तिथे तूच बोलायचं.

निघताना त्याने विचारलं, पुन्हा असं होणार नाही याची खात्री काय?

‘‘नाही खात्री,’’ मी म्हटलं. ‘‘म्हणून तर पुढच्या खजिनदारापासून पैसे काढायला दोन सह्या लागतील.’’

‘‘पुढचा खजिनदार चांगला माणूस असला तरी?’’

‘‘तरी.’’

तो ठराव एकमताने झाला. दुसरी सही कुणाची, यावर मात्र मतदान घ्यावं लागलं आणि दोन्ही तटांनी आपापला उमेदवार दिला.